‘वाटेत पंक्चरवाला भेटेलच की!’

सायकलवरून लांबच्या प्रवासाला निघताना सोबत कोणती हत्यारं घ्यावीत, हा विषय निघाला की दुसऱ्याच वाक्याला एक उत्तर हमखास येतं : ‘एवढं कशाला वाहायचं? आपल्याकडे गावोगावी पंक्चरवाला असतो.’ बोलणाऱ्याच्या आवाजात खात्री असते आणि विधान निम्मं खरंही असतं, म्हणून ते इतकं चिवट आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी मार्गाने निघालात, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत खाली उतरलात, तर मोठ्या गावांत कुठे ना कुठे टांगलेला जुना टायर आणि शेजारी लाल रंगाचा कॉम्प्रेसर दिसणार. दुकान असतंच. पण ते मोटरसायकल, रिक्षा, टेम्पो आणि ट्रक यांच्यासाठी थाटलेलं असतं. सायकलचं काम तिथे जमलं तर करतात, आणि सायकल म्हणजे त्यांच्या लेखी काळी, बिनगिअरची, दांड्याच्या ब्रेकची. तुमची हायब्रिड किंवा रोड बाइक त्या हिशेबात कुठेच बसत नाही.

हवेपासूनच सुरुवात करू. मोटरसायकलपासून ट्रकपर्यंत सगळ्यांच्या ट्यूबला जाड नळीचा श्रेडर व्हॉल्व्ह असतो. जुन्या काळ्या सायकलला वालट्यूबवाला वुड्स व्हॉल्व्ह असतो. रोड बाइकला आणि बऱ्याच हायब्रिड सायकलींना मात्र प्रेस्टा असतो : बारीक नळी, आणि टोकाला आधी फिरवून सैल करावा लागणारा इवलासा नट. कॉम्प्रेसरचं तोंड प्रेस्टावर बसतच नाही. दुकानदार ते नेटाने दाबून धरतो, हवा कडेने फुसफुसत निघून जाते आणि त्या झटापटीत आतली नाजूक दांडी वाकते. मग ट्यूबच बदलावी लागते. यावरचा उपाय म्हणजे टोपणाएवढा पितळी अडॅप्टर. तो प्रेस्टावर फिरवून बसवला की कॉम्प्रेसरला तो श्रेडर वाटतो. त्याचं वजन भरत नाही, किंमत चहा-नाश्त्याइतकी, आणि तरीही दहातल्या नऊ जणांच्या पिशवीत तो नसतो. (हा आकडा माझ्या वैतागाचा, सर्वेक्षणाचा नव्हे.) अडॅप्टर असला तरी जपून. ट्रकचा टायर भरणारा कॉम्प्रेसर सायकलच्या टीचभर ट्यूबमध्ये एवढ्या वेगाने हवा कोंबतो की हात काढेपर्यंत ती फुटू शकते. म्हणून हातपंप लागतोच, तोही तुमच्या टायरचा दाब गाठू शकणारा. कारच्या टायरला साधारण ३०-३५ पीएसआय पुरतात, २८ मिलिमीटरच्या रोड टायरला ८०च्या आसपास लागतात. शाळेच्या सायकलसोबत मिळणारा आखूड पंप तिथे दम टाकतो.

‘ट्यूब फाटली तर नवी घेऊ की’ हा पुढचा युक्तिवाद. जरूर घ्या, पण ती बसणार कशी? प्रेस्टासाठी रिमला पाडलेलं भोक साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असतं. श्रेडर आणि वुड्सची नळी आठ मिलिमीटरच्या घरात. जाड नळी बारीक भोकातून जात नाही, आणि परगावी रिमला ड्रिल मारायला लावणं हा उपाय नव्हे. टायरचं प्रकरण तर आणखी फसवं. काळ्या सायकलच्या टायरवर २८ इंच लिहिलेलं असतं आणि बऱ्याच हायब्रिडच्या टायरवरही २८ हाच आकडा असतो. दुकानदार प्रामाणिकपणे ‘अठ्ठावीसचा आहे’ म्हणून टायर काढून देतो. आता त्याच टायरच्या कडेला बोट फिरवून बारीक उठावाचे आकडे शोधा. काळ्या सायकलच्या टायरवर ४०-६३५ असं सापडेल, तुमच्या टायरवर ३७-६२२ किंवा तसंच काहीतरी. आयएसओ ५७७५ या मानकाप्रमाणे पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६३५ आणि ६२२ यांच्यात तेरा मिलिमीटरचा फरक आहे. तो टायर तुमच्या रिमवर सैल पडणार, आणि हवा भरताच निसटणार. ‘२६ इंच’वाल्यांनीही निश्चिंत राहू नये : माउंटन बाइकचा सव्वीस ५५९चा, साध्या सायकलचा सव्वीस-एक-तीन-अष्टमांश ५९०चा. इंचावर विश्वास ठेवणं बंद करा आणि तो दुसरा आकडा निघण्याआधी वहीत लिहून ठेवा.

यावर इतिहासाचा दाखला येतो. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे मुंबईचे पारशी तरुण १९२३ साली सायकलवर निघून जग फिरले आणि १९२८ साली परतले. तेव्हा कुठे होती तुमची मल्टी-टूल? त्यांचं धाडस कुणीच नाकारत नाही. पण त्या काळच्या सायकलमध्ये पाना, पक्कड आणि हातोडी यांना दाद न देणारं जवळजवळ काहीच नव्हतं. लोहारही तिचा एखादा भाग ठोकून जमवून देऊ शकायचा. आजच्या गिअरच्या सायकलची गोष्ट तशी नाही. तिचे नट-बोल्ट षट्कोनी खाचेचे, डिस्क ब्रेकची तबकडी बहुतेकदा टी-२५ या तारेच्या आकाराच्या खाचेच्या बोल्टने बसवलेली, आणि मागच्या चाकाची दातेरी चक्रं काढायला वेगळा पाना. शंभर वर्षांपूर्वीचा पुरावा आजच्या यंत्राला लावायचा असेल तर आधी यंत्र तरी त्या काळचं आणा.

मग घरचा पेटाराच उचलून न्यायचा का? नाही. हा दुसऱ्या टोकाचा वेडेपणा झाला, आणि इथेच तो पंक्चरवाला खरोखर कामाला येतो. टायर कापला गेला तर आतून गेटर बसवणं, चाकाचा आउट काढणं, वाकलेला कॅरिअर सरळ करणं, तुटलेल्या रॅकला वेल्डिंग मारून आणणं, या कामांत त्याचा हात तुमच्यापेक्षा चांगला चालतो. मोठे पाने, हातोडी, कानस, व्हाइस हे सगळं त्याच्याकडे आहे. ते तुम्ही कोकणातल्या चढांवर वाहणं हा निव्वळ भारवाहीपणा. त्याच्याकडे जे नसतं ते तुमच्या सायकलचे सुटे भाग आणि दोन-चार खास हत्यारं. तेव्हा यादी करताना ‘काय काय बिघडू शकतं’ एवढंच विचारून भागत नाही. ‘हे बिघडलं तर पुढच्या गावात काय मिळणार नाही’ हा प्रश्न विचारला की निम्मी हत्यारं आपोआप गळतात आणि त्यांच्या जागी बारीकसारीक, हलक्या वस्तू येतात.

त्यातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे डिरेलर हँगर. मागचा गिअर फ्रेमला ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने लटकतो तो हा. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे सायकल उजव्या बाजूला पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा किंवा तुटावा. पडायला रस्ताच लागतो असं नाही. रेल्वेच्या लगेज व्हॅनमध्ये कुणी वर पोतं टाकलं तरी पुरतं. याचे आकार असंख्य आहेत आणि एका सायकलचा दुसरीला सहसा बसत नाही. शहरातल्या मोठ्या दुकानातही तो मागवावा लागतो, तर गुहागरला कुठून मिळणार? चेनचंही तेच. साध्या सायकलची चेन आतून इंचाच्या एक अष्टमांश रुंद, गिअरच्या सायकलची त्याहून अरुंद, आणि गिअर वाढतील तशी बाहेरूनही बारीक. म्हणून चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या गिअरसंख्येची जोडकडी, दोन्ही हवीत. नुसती कडी असून चालत नाही, कारण तुटलेला तुकडा आधी काढावा लागतो. ब्रेकचे पॅड प्रत्येक कॅलिपरचे वेगळे, आणि पावसात लाल मातीचा राडा लागला की ते उतारावर भराभर झिजतात. एक जोडी खिशात मावते. स्पोक मोडला तर लांबीतला दोन-तीन मिलिमीटरचा फरकही नडतो. आपल्या चाकाचे दोन-तीन स्पोक फ्रेमच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधून ठेवले की झालं.

‘माझ्याकडे सोळा कामांची मल्टी-टूल आहे’ म्हणणाऱ्यांना एकच विनंती : घरी बसून ती सायकलच्या प्रत्येक बोल्टला लावून बघा. चार आणि पाच मिलिमीटरची ॲलन की सगळ्यात जास्त चालते, सहाची अधूनमधून. एखाद्या बोल्टपर्यंत तो आखूड दांडा पोचतच नाही असं तिथेच कळेल, आणि पॅडल काढायची वेळ आली की मल्टी-टूल हात टेकते. पॅडल घट्ट बसलेलं असतं. त्याला लांब दांड्याची आठ किंवा सहाची ॲलन की किंवा पंधराचा पाना लागतो. सायकल खोक्यात भरून विमानाने न्यायची असेल तर तो घ्यावा, नाहीतर घरी ठेवावा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून ते आणखी आवळून बसाल.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ट्यूबलेस टायर पंक्चर होत नाही, हे खोटं. आतला द्रव बारीक भोकं बुजवतो, मोठ्या कापासाठी प्लग आणि एक ट्यूब लागतेच. डब्ल्यूडी-४० चेनला तेल म्हणून मारू नका; त्या नावातला डब्ल्यूडी पाणी हटवण्याबद्दल आहे, आणि आधीचं तेलही त्याने धुऊन जातं. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की टिकेल या भरवशावर राहू नका, ती आतल्या आत वाळते; न उघडलेली घ्या. हत्यारं विमानात हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, ती चेक-इन सामानात जातात. गॅसच्या छोट्या कार्ट्रिजना आंतरराष्ट्रीय नियमांत चारपर्यंत मुभा असली तरी विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते, आणि ती न मिळण्याची तयारी ठेवून पंप न्यावाच. आणि विमानात टायर फुटतो म्हणून हवा पूर्ण सोडा, हे तर साधं गणित न केल्याने पसरलेलं. सामानाच्या कप्प्यातही प्रवाशांच्या केबिनइतकाच हवेचा दाब राखलेला असतो. जमिनीवरच्या दाबापेक्षा तो फार तर चार पीएसआयने कमी. अगदी निर्वात पोकळीत नेला तरी टायरवर १५ पीएसआयहून जास्तीचा भार येत नाही. काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालण्यात मात्र अर्थ नाही : त्याने सांगितलं तर थोडी हवा सोडा, पण पूर्ण नको. चपट्या टायरवर खोकं आपटलं तर रिमला मार बसतो.