काचेतला चतुर



गुरुजींनी आम्हांला पुस्तकातले एक चित्र दाखवले. काचेची फुलदाणी होती आणि तिच्या अंगावर चतुर बसलेला. पंखांतल्या शिरासुद्धा दिसत होत्या. मला वाटलं, खराच चिकटवलाय! गुरुजी म्हणाले, "नाही रे, ती सगळी काचच आहे. हाताने केलेली." मग मी त्यांना विचारून ही माहिती लिहिली.

असे काम करणारा एमील गाले नावाचा मोठा कारागीर फ्रान्स देशात नान्सी शहरात होऊन गेला (१८४६ ते १९०४). त्याला झाडापानांचा भारी नाद. वनस्पतिशास्त्राचाही त्याने अभ्यास केला होता. १८८९ व १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत त्याच्या कामाला मोठी बक्षिसे मिळाली.

साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून करतात. चुनखडीऐवजी शिशाचे संयुग घातले की काच जड होते, जास्त चमकते आणि टिचकी मारली की घंटेसारखी वाजते. तिला क्रिस्टल म्हणतात. क्रिस्टल म्हणजे स्फटिक. पण गंमत अशी, की ही काच खरा स्फटिक नव्हेच. खरा स्फटिक म्हणजे आपली खडीसाखर! शिसे विषारी असते, म्हणून आता पुष्कळ कारखाने त्याऐवजी दुसरे पदार्थ घालतात.

भट्टीत हजार अंशांहून जास्त उष्णता असते. वितळलेली काच काकवीसारखी दिसते. पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला तिचा गोळा घेऊन फुंकतात. त्यावर दुसऱ्या रंगाच्या काचेचा थर चढवतात. काच निवल्यावर फिरत्या चाकाने किंवा तीव्र आम्लाने वरचा थर हवा तेवढा काढतात. मग खालचा रंग दिसतो आणि नक्षी उठते.

पण काच एकदम निववून चालत नाही. गेल्या थंडीत मी काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला. पेला तडकला. आई म्हणाली, "अरं, गार पेल्यात कडत ओतू नये, एवढंबी कळंना व्हय?" आतली काच तापून फुगते, बाहेरची गारच राहते. त्या ओढाताणीत ती तडकते. निवतानाही तसेच होते. म्हणून फुलदाणी बेताच्या उष्णतेत हळूहळू निववतात.

शेवटी गुरुजींनी मला विचारले, "चतुराला पंख किती?" मी म्हणालो, "दोन." सगळा वर्ग हसला. पंख चार असतात! ओढ्यावर मी किती चतुर धरले, त्यांच्या शेपटीला दोरे बांधले. पण एकही नीट पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ओढ्यावर गुपचूप बसलो. एक चतुर लव्हाळ्यावर टेकला. बसला तरी त्याने पंख मिटले नाहीत. चारही मोजले. दोरा खिशातच राहिला.

घरी येऊन काढलेले चित्र खाली चिकटवले आहे. पंख मोजून बघा.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी