सोन्याच्या पाळण्यातल्या मुलांची मोजणी

जालना शहरातल्या मस्तगड भागात पाच वर्षांखालची मुलं किती आणि त्यांतली वयाच्या मानाने खुजी राहिलेली किती? पोषणावर काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न सगळ्यांत आधी पडतो. आहारशास्त्राची विद्यार्थिनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर तो लिहिते, स्वयंसेवी संस्थेला प्रस्तावात त्याचं उत्तर द्यावं लागतं, प्रभागासाठी निधी मागणाऱ्या नगरसेवकालाही तोच आकडा लागतो. पण हे उत्तर कुठल्याही एका पुस्तकात, एका संकेतस्थळावर किंवा एका कचेरीत लिहिलेलं नाही. हाती लागतात ते जिल्ह्याचे, राज्याचे, फार तर मराठवाड्याचे आकडे. मग बहुतेक जण तेच उचलून मस्तगडला चिकटवतात.

‘जालना, सोने का पालना’ असं या गावाबद्दल पिढ्यान् पिढ्या म्हटलं जातं. त्या पाळण्यातल्या मुलांची गणती करायची तर आधी छेदाकडे पाहावं लागतं. कुपोषित मुलं किती, हे सगळे विचारतात. कितीजणांपैकी, हे फार थोडे विचारतात. अंश एका खात्याच्या वहीतून आणि छेद दुसऱ्याच खात्याच्या वहीतून घेतला, की टक्केवारी कागदावर नेटकी दिसते आणि प्रत्यक्षात तिला काहीच अर्थ नसतो.

मस्तगडचा किल्ला 1725 मध्ये असफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने बांधला. पुढे त्याच गढीत नगरपालिकेची कचेरी आली, म्हणजे शहराची दप्तरं ठेवण्याशी या जागेचा जुना संबंध आहे. जालना जिल्हा मात्र 1 मे 1981 रोजी जन्माला आला. त्या वर्षीची जनगणना त्याआधीच, 1 मार्चच्या हिशेबाने होऊन गेली होती. त्यामुळे 1981 च्या जनगणनेच्या तक्त्यांत जालना जिल्हा शोधून सापडत नाही. तो हवा असेल तर तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातलं परतूर असे तालुके वेचून बेरीज करावी लागते. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके झाले आणि पाचांचे आठ झाले. तीस-चाळीस वर्षांचा कल काढायला बसलेल्या अभ्यासकाने ही बेरीज केली नाही, तर त्याचा आलेख पहिल्याच बिंदूला चुकतो.

जनगणनेतूनच सुरुवात करावी, असं मी सांगेन. 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 19,59,046 होती आणि शहराची 2,85,577. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय आणि शहरात प्रभागनिहाय आकडे असतात, त्यात 0 ते 6 वयाच्या मुलांचा वेगळा रकाना असतो. इथे पहिली ठेच लागते. जनगणनेतलं 0 ते 6 म्हणजे पूर्ण झालेली वर्षं, अर्थात सातवा वाढदिवस न झालेली सगळी मुलं. सात वर्षांत जन्मलेली मुलं त्यात येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाच वर्षांखालची मुलं मोजतं आणि अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतची धरते. तिन्ही ठिकाणी ‘लहान मुलं’ असाच मथळा, आणि तिन्ही गट वेगळे. पाच वर्षांखालची संख्या हवी असेल तर जनगणनेच्या आकड्याचे ढोबळमानाने सातातले पाच भाग घ्यायचे. अनेक प्रबंधांत हे केलेलंच नसतं.

दुसरी ठेच प्रभागांची. 2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. 2011 च्या पुस्तिकेतला प्रभाग क्रमांक आणि आजचा प्रभाग क्रमांक यांचा मेळ बसण्याचं काही कारण उरलेलं नाही. मस्तगडची हद्द जुन्या नकाशावर हाताने आखून, कोणकोणते जुने प्रभाग तिच्यात येतात ते पाहावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हे पुस्तक या वेळी जवळ असावं. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ते काढतं. पर्जन्यमान, पिकं, दवाखाने, शाळा, रेशन दुकानं असं सगळं त्यात तालुकावार असतं. मराठी वाचता येणाऱ्या संशोधकाला इतकं उपयोगी आणि इतकं दुर्लक्षित दुसरं सरकारी प्रकाशन मला माहीत नाही.

आता अंशाकडे. खुजेपणा, लुकडेपणा (उंचीच्या मानाने कमी वजन), वयाच्या मानाने कमी वजन, रक्तक्षय हे सगळं मोजणारं मोठं सर्वेक्षण म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. 2015-16 च्या चौथ्या फेरीपासून त्यात जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे मिळू लागले, ही फार मोठी सोय झाली. 2019-21 च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी, 25.6 टक्के लुकडी आणि 36.1 टक्के कमी वजनाची आढळली. मात्र राज्यभरात मिळून घरं घेतली होती सुमारे एकतीस हजार. छत्तीस जिल्ह्यांत ती वाटली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशेच्या आतच येतात. त्या घरांतली समजा तीनशे मुलं मोजली आणि 35 टक्के खुजी निघाली, तर जिल्ह्याचा खरा आकडा साधारण 30 ते 40 यांच्यात कुठेही असू शकतो. घरं गावागावांतून पुंजक्यांनी निवडलेली असल्याने हा पट्टा आणखी रुंद होतो. दोन फेऱ्यांमध्ये जिल्ह्याचा आकडा तीन टक्क्यांनी हलला म्हणून ‘कुपोषण घटलं’ किंवा ‘वाढलं’ असा मथळा देणं अन्यायाचं आहे.

या सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात काही आकडे कंसात असतात आणि काही ठिकाणी नुसती चांदणी असते. कंस म्हणजे तो आकडा पंचवीस ते एकोणपन्नास जणांवरून काढला आहे. चांदणी म्हणजे पंचविसांहून कमी जण मिळाले, म्हणून आकडाच छापलेला नाही. छापणाऱ्यांनी ही सावधगिरी प्रामाणिकपणे बाळगली आहे. ते आकडे उतरवून घेणारे मात्र कंस गाळून टाकतात.

सर्वेक्षणाचा आकडा मस्तगडपर्यंत पोहोचत नाही. मस्तगडपर्यंत पोहोचते ती अंगणवाडी. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तेव्हापासून गल्लीतलं बाळ उचलून वजनकाट्यावर ठेवणारी व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका. तिच्या कुटुंब पाहणी नोंदवहीत घरोघरची नावं असतात आणि वजन-उंची दर महिन्याला चढते. 2021 पासून ही माहिती पोषण ट्रॅकर या अॅपमध्ये जाते. दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल तीव्र कुपोषित म्हणजे ‘सॅम’, 11.5 ते 12.5 च्या मधलं मध्यम कुपोषित म्हणजे ‘मॅम’, हे तिला तोंडपाठ असतं. मूल मोजलं जातं नावानिशी, आईच्या डोळ्यांदेखत. स्थानिक माहितीचा याहून जवळचा स्रोत नाही.

तरी तिच्या टक्केवारीलाही छेद असतोच. शहरात अंगणवाड्या मुख्यतः गरीब वस्त्यांत आहेत. बालवाडीला पैसे भरणाऱ्या घरांतली मुलं तिथे वजनाला येत नाहीत. म्हणून शहरातल्या अंगणवाड्यांचा आकडा हा शहराचा आकडा होत नाही. शिवाय संख्या लहान असते. चाळीस मुलांच्या अंगणवाडीत दोन मुलं तीव्र कुपोषित असतील तर ते 5 टक्के झाले. पुढच्या महिन्यात त्यातलं एक आजोळी गेलं, तर सुमारे 2.5 टक्के. कुपोषण निम्म्यावर आलं, असं त्या महिन्याचा अहवाल सांगेल.

दोन स्रोतांमधली दरी किती असू शकते, याचं उदाहरण देशपातळीवर आहे. पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात भारतातली 19.3 टक्के मुलं लुकडी आढळली. पोषण ट्रॅकरवरून 2024 च्या सुमारास केंद्र सरकारने संसदेत सांगितलेला आकडा होता 6 टक्क्यांच्या आसपास. खुजेपणाचे आकडे मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे. मोजलेली मुलं वेगळी, मोजणारे हात वेगळे, वर्षही वेगळं. म्हणून एका स्रोताची तुलना त्याच स्रोताशी करावी, एकाच्या आकड्यातून दुसऱ्याचा आकडा वजा करू नये.

जन्म-मृत्यूच्या नोंदीत याहून अवघड सापळा आहे. 1969 च्या कायद्यानुसार जन्म जिथे झाला तिथे नोंदवला जातो, आई जिथे राहते तिथे नव्हे. गांधी चमनजवळच्या जिल्हा महिला रुग्णालयात गावोगावच्या बाया बाळंत होतात. त्या सगळ्या बाळांची नोंद शहराच्या खात्यावर पडते. शहराचा जन्मदर फुगतो, खेड्यांचा आक्रसतो. बालमृत्यूचंही तसंच. त्यावर उपाय आहे. जन्मनोंदीच्या अर्जात आईच्या राहत्या ठिकाणाचा रकाना असतो, त्यावरून वेगळी यादी करून मागता येते. आरोग्य खात्याच्या मासिक अहवालांत कधी कधी लसीकरण शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेलं दिसतं, त्याचं कारणही अनेकदा छेदच. सुया खऱ्या टोचलेल्या असतात, पण छेद अंदाजाचा असतो.

मराठवाड्याने या बाबतीत राज्याला एक वाट दाखवली आहे, आणि तिचा अभिमान आपण फारसा बाळगलेला नाही. 2002 मध्ये, वैजापूर तालुक्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनंतर, औरंगाबादचे तेव्हाचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी विभागात एक मोहीम घेतली. तिचा आग्रह सोपा होता. प्रत्येक मूल वजनाला आलंच पाहिजे आणि गंभीर कुपोषित मूल नोंदवल्याबद्दल कुणाला शिक्षा होता कामा नये. त्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. 2012 च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा 2005-06 मधल्या 39 टक्क्यांवरून सुमारे 23 टक्क्यांवर आल्याचं दिसलं. पुढे चौथ्या फेरीने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी 34.4 टक्के सांगितलं, तेव्हा ‘कमावलेलं गेलं’ अशी हाकाटी झाली. दोन वर्षांखालची आणि पाच वर्षांखालची मुलं एकाच तराजूत घातल्याने तो गोंधळ माजला.

ताटात काय पडतं, हे तर आणखी लांबचं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण भाजी रोज, आठवड्यातून की क्वचित खाल्ली जाते ते विचारतं, किती ग्रॅम ते विचारत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 1972 पासून चालत आलेला पोषण देखरेख विभाग घराघरांत अन्न तोलत असे. तो 2015 मध्ये बंद झाला, आणि हे नुकसान अजून भरून निघालेलं नाही. उपभोग खर्चाच्या 2022-23 च्या पाहणीत जालना सगळ्या मराठवाड्याच्या गटात मिसळलेला आहे. मस्तगडच्या घरात ज्वारीची भाकरी उरली आहे की गव्हाची पोळी आणि बिस्किटपुडा आला आहे, हे कळायला चोवीस तासांच्या आहाराची विचारपूस स्वतःच करावी लागते.

जालन्याच्या छेदात आणखी एक हालचाल आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी निघतात आणि लेकरं बरोबर नेतात. स्टील कारखान्यांमुळे परप्रांतातून कामगारांची घरं शहरात येतात. महिला व बालविकास विभागाने 2021 च्या अखेरीस स्थलांतरितांच्या नोंदीचं अॅप ज्या सहा जिल्ह्यांत प्रथम चालवून पाहिलं, त्यांत जालना होता. ते नेटाने चाललं पाहिजे. डिसेंबरमधली वजनं आणि जूनमधली वजनं एकाच गावातल्या वेगवेगळ्या मुलांची असू शकतात, हे अभ्यासकाने लिहून ठेवावं.

2011 चाच जुना छेद वापरून आपण पोषणाचं राजकारण आणि संशोधन दोन्ही चालवत आहोत. आता नवी जनगणना 1 मार्च 2027 च्या हिशेबाने होणार आहे आणि माणसांची गणती फेब्रुवारीत. हा ऐन गाळपाचा हंगाम. त्या काळात पूर्ण वेळ बाहेर असलेलं कुटुंब आपल्या गावात न मोजता, जिथे असेल तिथे मोजायचं असतं. फडावरच्या कोपीपर्यंत गणना करणारा पोहोचला नाही, तर ते लेकरू ना गावात मोजलं जाईल ना कारखान्यावर. तान्ही बाळं तर घरच्यांच्याच सांगण्यातून सुटतात, कारण त्यांचं नाव ठेवलेलं नसतं. महानगरपालिकेने दरवर्षी प्रभागनिहाय जन्म, मृत्यू आणि अंगणवाडीतली वजनं एका पानावर छापून लावावीत, ही माझी मागणी आहे. त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम हेच सांगतं. आणि वाचकांना विनंती अशी, की फेब्रुवारीत दारात गणना करणारा आला, तर दोन महिन्यांच्या बाळाचंही नाव सांगा. नाव ठेवलं नसेल तर ‘बाळ’ असंच लिहायला सांगा.