त्रेचाळीस की चौतीस?

९:४५ कुलूप काढायच्या आधीच ओट्यावर सातआठ दप्तरं पडलेली. जुन्नर तालुक्याच्या डोंगराकडची आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे.

१०:०० परिपाठ. आज दिनविशेष सांगायची ज्याची पाळी होती तोच पोरगा आला नाही.

१०:३० गप्पा. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२२ साली आलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा घरच्या बोलीला पहिला मान देतो. म्हणून पुस्तक मिटून विचारलं, "काल ओढ्यावर कोण गेलं होतं?" एरवी तोंड न उघडणारा एक जण खेकड्यांबद्दल दहा मिनिटं बोलला. त्याच्याच बोलण्यातले 'खेकडा', 'नांगी', 'बीळ' फळ्यावर लिहिले. 'खेकडा' त्याने बोट ठेवून वाचला. जोडाक्षर नाही, पण पहिलाच शब्द.

११:३० गणित. दुसरीतल्या एकीला 'त्रेचाळीस' सांगितलं, तिने ३४ लिहिलं. चूक तिची कशी म्हणू? कानावर आधी तीन पडतात, मग चाळीस. हात कानाचं ऐकतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढी टिंगल झाली होती. टिंगल करणाऱ्यांनी एक तास माझ्या सतरंजीवर बसायला हवं होतं.

काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे काढले. चार गठ्ठे, तीन सुट्या. तिने गठ्ठे डावीकडे मांडले, सुट्या उजवीकडे, खाली आकडे लिहिले. मग ३४ मांडायला सांगितलं. दोन्ही ढीग शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. मी गप्प. हे गप्प राहणं मला सगळ्यात जड जातं. आराखडा म्हणतो, मूल आपल्या गतीने शिकतं. निपुण भारत अभियानाचं लक्ष्य म्हणतं, पहिलीअखेर ९९पर्यंतच्या संख्या, दुसरीअखेर ९९९पर्यंतच्या. दोन्ही कागद माझ्याच कपाटात आहेत.

"हे मोठंय," ती त्रेचाळीसकडे बोट करून म्हणाली.

१:३० खिचडी. हिशेबात माणशी १०० ग्रॅम तांदूळ, १२ ग्रॅम प्रथिनं. पहिलीवाले कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावतात. वर्गीकरणाचा तास फुकटात.

२:३० गोष्ट, मातीकाम. दोघं पेंगले, पेंगू दिले.

३:३० वरून निरोप: मातीकामाचे फोटो आजच्या आज पाठवा. रेंज फक्त टाकीपाशी. मी टाकीपाशी, वर्ग सरांच्या भरवशावर. पोरांपाशी बसा म्हणणाऱ्या अभ्यासक्रमाचे पुरावे गोळा करायला पोरांपासूनच उठावं लागतं.

५:०० कुलूप लावलं. पायरीवर ती उभी.

"बाई, एकोणपन्नासमध्ये तर नऊ ऐकूच येत नाही."

खरंच की. कुलूप काढलं, गठ्ठे पुन्हा सतरंजीवर आले. "पाच मांड," म्हटलं, "आता त्यातली एक काडी मला दे."