फुटक्या बादलीपासून फुटबॉलपर्यंत

नागपूर, २००१. भर पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी ते पाहिलं आणि त्यांना फुटबॉल आणून दिला. ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं ते असं. तेच पुढे ‘स्लम सॉकर’ झालं. पोर मैदानात असेल तेवढा वेळ नशा-मारामारीपासून लांब राहतं, हा बारसे सरांचा विश्वास. आता तिथे खेळता खेळता गणित आणि आरोग्याचे धडेही मिळतात. मुलीही खेळतात, हे विशेष मोलाचं. २०१६ मध्ये संस्थेला ‘फिफा’चा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट बारसे यांच्याच कामावर बेतलेला. तुमच्या शाळेचं मैदान संध्याकाळी कुलूपबंद असेल, तर ते वस्तीतल्या पोरांसाठी उघडा.