वस्तू हातात पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची

मोबाइलच्या पडद्यावर दिवसभर 'आउट फॉर डिलिव्हरी' दिसत राहते, संध्याकाळी ती ओळ बदलून 'डिलिव्हर्ड' होते आणि दारात मात्र काहीच आलेले नसते. वॉचमनला विचारून होते, शेजारी विचारून होते. कस्टमर केअरला फोन केला की उत्तर मिळते, 'आमच्याकडून माल निघाला, कुरिअरकडे चौकशी करा.' कुरिअरवाले सांगतात, 'आमच्याकडे पोच झाल्याची नोंद आहे, विक्रेत्याशी बोला.' या दोघांमध्ये हेलपाटे घालून ग्राहक थकतो आणि रक्कम चार-पाचशेची असेल तर नाद सोडून देतो. पैसे बुडतात ते बहुधा याच थकव्यामुळे. खरे तर ग्राहकाने कुरिअरच्या मागे धावण्याचे कारणच नाही. वाटेत हरवलेली वस्तू ही विक्रेत्याची हरवलेली वस्तू आहे. ग्राहकाचे फक्त पैसे अडकलेले आहेत आणि ते त्याला परत मिळायला हवेत.

हे समजण्यासाठी करार कोणाचा कोणाशी झाला ते पाहावे. ग्राहक पैसे देतो ते विक्रेत्याला किंवा त्याच्या वतीने ते स्वीकारणाऱ्या प्लॅटफॉर्मला. कुरिअर कोणते, दर काय, विमा उतरवायचा की नाही, हे सारे तेच ठरवतात. पार्सलवर ग्राहकाचे नाव असते ते पत्त्यापुरते. या फरकावर बरेच पैसे अवलंबून असतात. कुरिअर कंपन्या आपल्या पावतीवर भरपाईची कमाल मर्यादा छापतात आणि सही करणाऱ्यावर ती बंधनकारक असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात दिला. तिथे भरपाई शंभर अमेरिकी डॉलरवरच थांबली. टपालाचेही तसेच. 1898 चा टपाल कायदा जाऊन जून 2024 पासून नवा कायदा लागू झाला, तरी नियमांत मान्य केली असेल तेवढीच भरपाई, हे तत्त्व कायम राहिले. स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू हरवली तर शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम, असा वर्षानुवर्षांचा नियम आहे. म्हणजे साठ रुपये भरून पाठवलेली चार हजारांची साडी गहाळ झाली तर एकशे वीस रुपये. ही तुटपुंजी भरपाई पाठवणाऱ्याने आपल्या वाहतूकदाराकडून घ्यायची आहे. ग्राहकाने त्या अटींवर सही केलेली नाही, त्यामुळे त्या त्याच्यापुढे करता येत नाहीत.

विक्रेत्याच्या बाजूने कायद्याचा एक आधार दाखवला जातो, आणि तो खरा आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 39 सांगते की, खरेदीदाराकडे पाठवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की प्रथमदर्शनी तो खरेदीदारालाच दिला असे मानावे. सोलापूरच्या व्यापाऱ्याने चादरींच्या गाठी रेल्वेने रवाना करायच्या आणि दूरच्या व्यापाऱ्याने पावती दाखवून त्या सोडवून घ्यायच्या, अशा व्यवहाराला ही तरतूद साजेशी होती. दोघेही व्यापारी, दोघांनाही वाटेतले धोके ठाऊक. पण कलमातला 'प्रथमदर्शनी' हा शब्द महत्त्वाचा आहे. करारात वेगळे ठरले असेल तर ते गृहीतक गळून पडते. पिनकोड तपासून, तारीख सांगून, घरपोच देण्याचे कबूल करून विक्री होते, तेव्हा वेगळेच ठरलेले असते. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै 2020 मध्ये आलेले ई-कॉमर्स नियम सांगतात की, वस्तू सांगितलेल्या मुदतीनंतर आली तर विक्रेत्याला पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. अपवाद फक्त आटोक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेल्या उशिराचा. उशिरा आलेल्या वस्तूचे पैसे परत मिळत असतील, तर मुळीच न आलेल्या वस्तूच्या ग्राहकाला त्याहून कमी हक्क असणे तर्काला धरून नाही. तरीही आपल्याला हा हक्क असा तर्काने काढावा लागतो, ही उणीवच आहे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात हे एका वाक्यात आहे: वस्तू ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. युरोपीय संघाने 2011 च्या निर्देशातच ही तरतूद केली. ग्राहकाने स्वतःच्या पसंतीचा वाहतूकदार लावला असेल तेवढाच अपवाद. आपल्या नियमांतही असे वाक्य हवे.

यावर पहिला आक्षेप येतो तो लबाड ग्राहकांचा. वस्तू घेऊनही 'मिळाली नाही' म्हणणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न पुरावा कोणी द्यायचा हा आहे. एखादी गोष्ट घडलीच नाही, हे ग्राहक कशाने सिद्ध करणार? रिकामा उंबरठा हा काही पुरावा नव्हे. उलट पार्सल किती वाजता, कोणाच्या हाती, कोणत्या ठिकाणी दिले, याची नोंद ठेवणारी सारी साधने दुसऱ्या बाजूकडे आहेत. ओटीपी आहे, सही आहे, फोटो आहे, डिलिव्हरी देणाऱ्याच्या मोबाइलवरचे ठिकाण आहे. जी गोष्ट खास एकाच पक्षाच्या माहितीतली आहे ती त्यानेच सिद्ध करायची, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व इथे चपखल लागू पडते. पूर्वी पोस्टमन मनीऑर्डर देताना सही किंवा अंगठा घेई. पोच म्हणजे घेणाऱ्याने दिलेली कबुली, असा तिचा अर्थ होता. देणाऱ्यानेच आपल्या यंत्रावर 'दिले' असे लिहिले तर ती नोंद झाली, पोच नव्हे. ओटीपी घेऊन वस्तू दिली असेल तर विक्रेत्याने तसे दाखवावे आणि खोटी तक्रार फेटाळावी.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, तो छोट्या विक्रेत्यांचा. कोकणातून काजू पाठवणारा महिला बचत गट किंवा कोल्हापुरी चपला विकणारा कारागीर एका हरवलेल्या पार्सलमुळे आठवड्याची कमाई गमावू शकतो. ही काळजी रास्त आहे. पण नुकसान कोणीतरी सोसायचेच असेल, तर ते टाळण्याची साधने ज्याच्या हाती आहेत त्याने सोसावे. वाहतूकदार बदलणे, महाग वस्तूचा विमा उतरवणे, शंभर पार्सलांच्या किमतीत एका हरवण्याचा खर्च थोडा थोडा धरणे, हे विक्रेत्याला जमते. एकदाच खरेदी करणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. छोट्या विक्रेत्यांना खरा आधार द्यायचा असेल तर टपाल आणि कुरिअरची भरपाई वाढवावी आणि विमा स्वस्त करावा. त्यांचा तोटा ग्राहकाच्या खिशातून भरून काढणे हा उपाय नव्हे.

'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणणाऱ्या प्लॅटफॉर्मलाही हात झटकता येत नाहीत. 2020 च्या त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. म्हणून तक्रार फोनवर न करता लेखी करावी. ऑर्डरचा क्रमांक, कबूल केलेली तारीख आणि ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. पैसे कार्डाने दिले असतील तर 'वस्तू मिळाली नाही' या कारणावरून बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून थांबू नये. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात, घटनेपासून दोन वर्षांत करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. इंटरनेटवर शोधून सापडलेला कस्टमर केअर क्रमांक ठगाचा असू शकतो. पैसे परत घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो मागणारा फसवतो आहे, आणि फसवणूक झालीच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

पाचशे रुपयांसाठी एवढे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अशा सोडून दिलेल्या पाचशे-पाचशे रुपयांमुळेच 'कुरिअरकडे चौकशी करा' हे उत्तर चालून जाते. पुढच्या वेळी ते कानावर आले तर दोनच वाक्ये लिहून पाठवा: 'वस्तू मला मिळालेली नाही. ती कोणाला दिली याचा पुरावा दाखवा, नाही तर माझे पैसे परत करा.'