शंख पळवतंय कोण?

काल रात्री टाकीत आठ शंख होते. मोजून आठ! आज सकाळी पाहतो तर पाचच! टाकीला झाकण आहे. खिडकी बंद आहे. मांजर तर घरातच नाही. मग तीन शंख गेले कुठे?

थांबा थांबा! ही टाकी आपल्या नेहमीच्या गोल्डफिशची नाही हं. हिच्यात आहे खारं पाणी! अमेरिकेत, युरोपात कितीतरी हौशी माणसं घरातच समुद्राचा एक तुकडा वसवतात. खाली वाळू, वर प्रवाळ, मध्ये रंगीत मासे. आणि साफसफाईला शंख, इवल्या कोळंब्या, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे हर्मिट खेकडे. ही मंडळी शेवाळ खरवडून खातात, उरलंसुरलं अन्न फस्त करतात. आणि नेमकी हीच गायब होतात!

चला, संशयितांना एकेक करून बोलावू.

आधी कोळंबी. तिची केस तर भलतीच गमतीची! सकाळी वाळूत तिचं रिकामं, पारदर्शक कवच पडलेलं असतं. मिशांसकट! मालक हळहळतो, ‘गेली बिचारी!’ अहो, कुठली गेली! जूनमध्ये शाळेचा गणवेश तोकडा होतो ना, तसं तिला जुनं कवच घट्ट झालेलं असतं. ते टाकून ती कपारीत दडून बसते, कारण नवं कवच अजून मऊ असतं. कोणीही मटकावेल! ते टणक झालं की बाईसाहेब पुन्हा हजर.

आता हर्मिट खेकडा. दिसायला गरीब, पण त्याला वाढत्या अंगासाठी मोठं घर हवं असतं. मनासारखा रिकामा शंख मिळाला नाही, तर हा पठ्ठ्या शंखातल्या गोगलगायीलाच खाऊन टाकतो आणि तिच्या घरात राहायला जातो! म्हणजे शंख हरवलेलाच नसतो. आतला राहणारा बदललेला असतो.

कधीकधी गुन्हेगार असतं औषध. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. मासा त्यानं बरा होतो, पण शंख आणि कोळंब्या बिचाऱ्या मरतात.

पण शंखांचे तुकडेच वाळूत सापडले तर? आणि रात्री दिवे मालवल्यावर टाकीतून आवाज आला तर? टक्! ... टक्!

ओळखा पाहू कोण! मँटिस श्रिंप! नावात श्रिंप असलं तरी ही खरी कोळंबी नव्हे, तिची लांबची नातेवाईक. घरच्या टाकीत सापडणारी बहुतेक वेळा बोटाएवढीच असते. पण तिच्या डोक्याखाली दोन गदा घडी घालून ठेवलेल्या असतात. आणि ती गदा हाणते कशी? मोर-मँटिस नावाच्या जातीचा ठोसा शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपला. वेग निघाला ताशी ८० किलोमीटरच्या वर! हायवेवरच्या एसटीइतका! तोही पाण्यात, जिथे आपल्याला धड पळताही येत नाही!

युक्ती गलोलीची आहे. गलोलीचं रबर आपण हळूहळू ताणतो, पण खडा सुटतो सणकन. मँटिसचा स्नायूही आधी सावकाश एक स्प्रिंग दाबतो. मग खिट्टी सुटते आणि... फट्!

अजून संपलं नाही! गदा इतक्या जोरात जाते की पाण्यात बुडबुडे तयार होतात. ते फुटताना शंखाला आणखी एक दणका बसतो, शिवाय क्षणभर प्रकाशही चमकतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, इतका अंधुक. एका फटक्यात दोन मार! शंखाचं काय चालणार?

पण ही टाकीत शिरली कुठून? तिला आणलं मालकानंच! टाकीसाठी समुद्रातले सच्छिद्र दगड आणतात. त्यांना म्हणतात लाइव्ह रॉक. त्यांच्या भोकाभोकांत जीव असतात. आपण फ्लॉवरचा गड्डा आणतो आणि सोबत अळी फुकट येते ना? अगदी तसंच! आई फ्लॉवर मिठाच्या पाण्यात बुडवते आणि अळ्या बाहेर पडतात. टाकीवालेही तो दगड जास्त खारट पाण्यात बुडवतात. मग भोकातली पाहुणी घाबरून बाहेर!

असा चोर मोठमोठ्यांनाही चकवतो बरं का! २००९ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या न्यूकी गावच्या ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये प्रवाळांचे लचके तुटत होते, मासे जखमी होत होते. सापळे लावले. चोर सापडेना! शेवटी कर्मचाऱ्यांनी टाकीतला एकेक दगड उचलायला घेतला. आणि आतून निघाला एक किडा. चार फूट लांब! तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या उंचीएवढा! राक्षसी जबड्यांचा हा समुद्रकिडा पिल्लू असताना दगडात लपून आला असणार आणि आतच गुपचूप वाढला असणार.

मग त्याला शिक्षा काय झाली? त्याचं नाव ठेवलं बॅरी, आणि राहायला दिली स्वतंत्र टाकी!