कोच : गाव, गाडी आणि शिक्षक

रेल्वेचा डबा म्हणजे कोच आणि क्रिकेटचा प्रशिक्षक म्हणजेही कोच. हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. पण इंग्रजीने तो कोठून घेतला?

हंगेरीत व्हिएन्ना ते बुडा या जुन्या मार्गावर कोच नावाचे खेडे आहे. पंधराव्या शतकात तेथे हलक्या, वेगवान घोडागाड्या तयार होत. त्यांना 'कोचि सेकेर', म्हणजे 'कोचची गाडी' म्हणत. पुढे 'सेकेर' गळाले, 'कोचि' उरले. गाडीबरोबर नावही युरोपभर पसरले. जर्मन 'कुत्शे', स्पॅनिश 'कोचे' ही त्याचीच रूपे. इंग्रजीत 'कोच' सोळाव्या शतकाच्या मध्यास आला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी खासगी शिकवणाऱ्याला गमतीने कोच म्हणू लागले. कारण तो विद्यार्थ्याला परीक्षेपार वाहून नेतो! तेथूनच खेळाचा कोच आणि आपले कोचिंग क्लास आले.

विशेषणाने नामाची जागा घेणे आपल्याला नवे नाही. 'कोल्हापुरी चप्पल' म्हणण्याऐवजी आपण नुसते 'कोल्हापुरी' म्हणतो. इंग्रजीतला 'गुलाश' हा पदार्थही असाच. हंगेरियन 'गुयाश' म्हणजे गुराखी. 'गुराख्याचे मांस' यातले 'मांस' गळाले आणि गुराखीच ताटात आला!

पैठणचे पैठणी, तसे कोचचे कोचि. प्रत्यय अगदी सारखा. मग मराठी आणि हंगेरियन या नात्यातल्या भाषा आहेत का? नाही. हंगेरियन युरालिक कुळातली. फिनिश तिची दूरची नातलग. मराठी इंडो-युरोपीय कुळातली. प्रत्ययांचे हे साम्य केवळ योगायोग आहे.

याउलट, 'पाप्रिका' हा शब्द बघा. लाल मिरचीच्या पुडीचे हे नाव इंग्रजीने हंगेरियनकडून घेतले, हंगेरियनने सर्बियनकडून. त्याच्या मागे लॅटिन 'पिपेर', त्यामागे ग्रीक 'पेपेरि' आणि मुळाशी भारतातली 'पिप्पली', म्हणजे आपली पिंपळी! मिरचीचे रोप मात्र अमेरिकेतले. वस्तू एका खंडातली, नाव दुसऱ्या.

म्हणजे शब्दांचे नाते नुसत्या कानाने ठरत नाही. शब्द कोणत्या काळी, कोणत्या वाटेने गेला, हे प्रत्येक टप्प्यावर तपासावे लागते. पुराव्याशिवाय निष्कर्ष नाही, हा विज्ञानाचा नियम भाषेलाही लागू आहे.

गावांवरून पडलेल्या वस्तूंच्या नावांची यादी वर्गात करून बघा. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा : हे आपल्याला कशावरून कळले?